भिसेगावचा मुका व्हिडिओ गेम

रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या धंद्यात एक वाक्य फार उपयोगाचं आहे. ‘आयसी गेलीय.’ आयसी म्हणजे झुरळाएवढा काळा तुकडा, दोन्ही बाजूंना पाय फुटलेला. तो यंत्राच्या पोटात बसलेला असतो. गिऱ्हाइकाला तो दिसत नाही, दिसला तरी कळत नाही, आणि गेला म्हटलं की गिऱ्हाईक घरातलं कुणी गेल्यासारखा चेहरा करून गप्प बसतं. बिघाडाचं कारण मेकॅनिकला सापडलं नाही, किंवा सापडूनही सांगायची सोय नसली, की आयसी जाते. मीही हे वाक्य भरपूर वापरलं. बहुतेक वेळा ती खरोखरच गेलेली असे. एकदा नव्हती, आणि ते सांगावं म्हणूनच हे लिहायला बसलो आहे.

माझी उमेदवारी चौक गावात गेली. मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला एक गॅरेज होतं. तिथे ट्रकच्या बॅटऱ्या आणि डायनामो यांची कामं करता करता मी ट्रकमधल्या रेडिओंकडे वळलो. ट्रकवाल्यांची मागणी एकच असायची, आवाज इंजिनाच्या वर गेला पाहिजे. गाणं कोणतं, सूर फाटतोय का, याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. पुढे कर्जतला स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा पहिल्यांदा अशी गिऱ्हाइकं भेटली ज्यांना रेडिओवर काय बोलतात ते ऐकायचंही असतं.

आमचा मुलूख भाताचा. पावसाळ्याचे चार महिने घरातली प्रत्येक वस्तू ओल धरते. एका शेतकऱ्याने त्यावर तोड काढली होती. त्याने आपला वॉल्व्हचा रेडिओ चुलीच्या वर, शिंक्यात, सुकटीच्या शेजारी ठेवला. रेडिओ कोरडा राहिला हे खरं, पण आत सुकटीचा एवढा चुरा पडला की वॉल्व्ह तापले की घरभर खमंग वास सुटायचा. त्याची तक्रार आवाजाची नव्हतीच. तो म्हणाला, “बातम्या लागल्या का पोरं जेवाया मागतात वो.” मी रेडिओ उघडून ब्रशने झाडला आणि तो चुरा कागदात बांधून त्याला परत दिला. यंत्रातून जे निघेल ते गिऱ्हाइकाला परत करायचं, हा माझा नियम होता.

कर्जतजवळच्या कोंडाणे गावाच्या वरच्या अंगाला एक ठाकरवाडी आहे. तिथले एक बाबा दर उन्हाळ्यात ट्रान्झिस्टर घेऊन डोंगर उतरून यायचे. त्यांच्या ट्रान्झिस्टरला कधीच काही झालेलं नसायचं. दुकानात तो खणखणीत वाजायचा, वाडीत मात्र खरखर. वाडी डोंगराच्या कुशीत होती, तिथे लहरीच पोचत नव्हत्या. पहिल्याच वर्षी मी त्यांना सांगितलं की यंत्र चांगलं आहे, दोष जागेचा आहे, उंच टेकाडावर नेऊन लावा. ते ऐकून गेले आणि पुढच्या वर्षी करवंदांचा द्रोण घेऊन पुन्हा आले. यंत्र चांगलं आहे हे माझ्या तोंडून ऐकलं की त्यांचं समाधान होत असावं. त्यांनी माझ्यावर टाकलेला तो विश्वास मला दुकानावरच्या पाटीपेक्षा मोलाचा वाटायचा.

हे असे विश्वास साठत गेले की माणूस फुगतो. मी फुगलो. त्यातून टीव्हीचे दिवस आले आणि आखातातून परतणारे लोक मोठमोठे टेपरेकॉर्डर घेऊन यायला लागले. खालापूर तालुक्यातल्या, नेरळकडच्या कितीतरी घरांत दुबईचा टेप असे. परदेशी वस्तूला हात लावायला इतर मेकॅनिक कचरायचे, मी नाही. काही टेपांना चपट्या दोन पिना असत, त्या आपल्या बोर्डात जात नाहीत. त्यासाठी मी लाकडी ठोकळ्यावर पितळी पट्ट्या ठोकून एक होल्डर बनवला होता. चपटी पिन आली की ठोकळा काढायचा, खुपसायची, बटण दाबायचं. आखातात वीज आपल्यासारखीच असल्याने कधी काही अडलं नाही. परदेश म्हणजे दुबई, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं, आणि ते बसलंय हे मला माहीतही नव्हतं.

अशा फुगलेल्या दिवसांत भिसेगावातून नानांचं बोलावणं आलं. नाना रेल्वेचे निवृत्त ड्रायव्हर. घाट चढताना गाडीला मागून रेटा देणारी इंजिनं त्यांनी आयुष्यभर चालवली होती. नियमाचा माणूस. त्यांचा मुलगा अरविंद इंजिनीअर होऊन अमेरिकेत गेला होता, तो आता खोपोलीच्या एका कारखान्यात नोकरी घेऊन बायको-मुलीसह कायमचा परत आला होता. मुलीचं नाव मीनल. वय दहा. जन्म तिकडचा.

नाना म्हणाले, “शांताराम, पोरीचा टीव्हीवरचा गेम हाय. तिकडनं आनलाय. तू येयाच्या आधी कुनी हात लावायचा नाय असं मी घरात सांगितलंय. परदेशी काम तुझंच.” हे शेवटचं वाक्य ऐकून मी आणखी एक इंच फुगलो.

व्हिडिओ गेम मी ऐकून होतो, पाहिला नव्हता. नानांच्या ओटीवर तो मांडून ठेवला होता. काळा चपटा डबा, त्याला जोडलेली दांड्याची दोन हँडलं, वर खुपसायच्या कॅसेटी, टीव्हीला जोडायची वायर आणि एक एलिमिनेटर. एलिमिनेटर म्हणजे बोर्डातली वीज कमी करून यंत्राला झेपेल एवढी देणारा ठोकळा. त्याला चपट्या दोन पिना होत्या. मी पिशवीतून होल्डर काढला.

मीनल शेजारीच मांडी घालून बसली होती. मी एलिमिनेटर उचलला तेव्हा तिने त्याच्या पोटावरच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं.

“काका, वन ट्वेंटी.”

मी म्हटलं, बाळ, दुबईचे असे शंभर केलेत. तिने पुन्हा बोट ठेवलं आणि शब्द जुळवत म्हणाली की इथली वीज टू थर्टी आहे, डॅडी म्हणाला. मी कौतुकाने हसलो आणि बटण दाबलं.

अडाण्यालाही कळेल असं सांगतो. अमेरिकेत घरातली वीज आपल्या जवळपास निम्म्या जोराची असते. तिकडची वस्तू इकडे सरळ लावणं म्हणजे बैलगाडी मालगाडीला बांधणं. एलिमिनेटर आधी घुमला, मग वार्निशचा वास आला, मग त्याच्या फटीतून धूर. मी उपसून काढला तोवर त्याची एक बाजू मऊ पडली होती. गेमच्या डब्याचं बटण बंद होतं म्हणून डबा वाचला, तेवढं नशीब.

वास माजघरात गेला आणि नाना बाहेर आले. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं, आणि माझ्या तोंडून ते उपयोगाचं वाक्य गेलं. आयसी गेलीय नाना, प्रवासात हादरे बसले असणार.

नाना मीनलकडे वळले. परवा ती एकटीच या पिना बोर्डात घालत होती, ते त्यांनी पाहिलं होतं. सांगून ठेवलेलं असताना हात लावला, म्हणजे तेव्हाच बिघडवलं, असं त्यांनी तिला सुनावलं. मीनलने माझ्याकडे पाहिलं. मी होल्डरची वायर गुंडाळायला लागलो.

त्या पिना आपल्या बोर्डात जातच नाहीत. हे एक वाक्य मी बोललो असतो तरी पोर सुटली असती. माझ्याएवढं हे दुसऱ्या कुणाला माहीत होतं? पण मी वायर गुंडाळली, जळका एलिमिनेटर पिशवीत टाकला, बघतो म्हणालो आणि निघालो. आणि ती पोरही काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी अरविंद दुकानात आला. शांत माणूस, आवाज चढवणारा नव्हे. नानांनी त्याला पोरीने हात लावून बिघडवलं एवढंच सांगितलं होतं, पिनांची गोष्ट नाही. मुलगी चूक कबूल करत नाही आणि नाकारतही नाही, याचं त्याला वाईट वाटत होतं. शाळेतही तिचं बरं चाललेलं नव्हतं. मराठी बोलताना चुकायची, मग मुलं हसायची. वर्गात सगळ्यात मागे, खेळात कच्ची, पोळी-भाजी खातानाही गोंधळ. तिकडे ती या गेममध्ये भलतीच तरबेज होती. आता तोही नको, त्याने खोटेपणाच वाढतोय, असं त्याने ठरवलं होतं. कारखान्यातले एक साहेब सोमवारी अमेरिकेला निघणार होते, त्यांच्याबरोबर तो डबा तिच्या तिकडच्या मावसभावाला पाठवून द्यायचा होता. तेव्हा दुरुस्तीचा त्रास घेऊ नका, एवढं सांगायला तो मुद्दाम आला होता.

मी त्याच्याकडे रविवारपर्यंतची मुदत मागितली. तो म्हणाला, बघा, पण सोमवारी डबा जाईल.

इथे आल्यापासून त्या मुलीला येणारी एकच गोष्ट त्या डब्यात होती, आणि ती माझ्यामुळे जाणार होती. सरळ भिसेगाव गाठून खरं सांगणं हे पाच मिनिटांचं काम होतं. मी चार दिवसांचं काम निवडलं. मनाशी म्हटलं, गेम चालू करून दिला की सगळे विसरतील, मग सांगायचं कारणच उरणार नाही. कारागिराला वाटतं की हाताने केलेल्या कामाने तोंडाने केलेलं पाप फिटतं.

त्या ठोकळ्याच्या पोटावरची अक्षरं मी तेव्हा पहिल्यांदा सगळी वाचली. एकशेवीस व्होल्ट आत, नऊ बाहेर, कोणती बाजू धन आणि कोणती ऋण त्याचं चित्रसुद्धा काढलेलं होतं. सगळं लिहिलेलं होतं. एका भंगार रेडिओतला ट्रान्सफॉर्मर सोडवून मी त्याची तार उलगडली. आपल्या विजेला किती वेढे आणि नऊला किती याचा हिशेब केला, हातड्रिल शिकंज्यात आवळून त्यावर नवी तार गुंडाळली. दोनदा वेढे मोजण्यात चुकलो, दोनदा सगळं सोडलं. वार्निश देऊन दोन दिवस उन्हात वाळवलं. पत्र्याच्या डबीत बसवून मीटर लावला तेव्हा काटा बरोबर नऊवर आला. असं सुबक काम मी पुढेही फार केलेलं नाही, आणि ते करताना इतका बेचैनही कधी झालो नाही.

रविवारी सकाळी भिसेगावला गेलो. ओटीवर डबा पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून सुतळीने बांधलेला तयार होता. अरविंदने सुतळी सोडली. नाना, आजी, अरविंदची बायको, सगळे भोवती जमले. मीनल दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

मी नवी डबी बोर्डाला जोडली, तिच्यावरचा लाल दिवा लागला. टीव्हीवर चित्र मात्र आलं नाही, नुसते पट्टे. तिकडच्या आणि इकडच्या टीव्हीच्या लहरींच्या वाटा थोड्या वेगवेगळ्या असतात. मी बटण बारीक बारीक फिरवत गेलो तशी आकृती दिसू लागली, पण ती खालून वर सरकत राहिली, थांबेचना. अमेरिकेतलं यंत्र सेकंदाला साठदा चित्र पाठवतं, आपला टीव्ही पन्नास धरून चालतो. टीव्हीच्या मागे चित्र उभं धरायची एक खुंटी असते. पाठीमागून हात घालून, समोर आरसा धरायला लावून, ती मी केसभर केसभर वळवली. चित्र दोनदा सरकलं, अडखळलं आणि उभं राहिलं. अंधारात तारे, खाली एक छोटं जहाज. काळं-पांढरं, पण स्वच्छ.

आवाज आला नाही. आवाजाचीही वाट वेगळी. ती बदलली असती तर नानांच्या बातम्या मुक्या झाल्या असत्या. मी तसं सांगितलं. नाना म्हणाले, मुका तर मुका. आजी म्हणाली, बरंच झालं.

मग कौतुक सुरू झालं. अरविंदने ती पत्र्याची डबी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाला की त्याच्या कारखान्यातसुद्धा इतक्या निगुतीने कोणी गुंडाळणार नाही. नाना खूश होऊन मीनलला जवळ बोलावत म्हणाले, “तू जाळलास आन काकांनी जिवंत केला. कर त्यांना नमस्कार.”

ती चौकटीपासून निघाली. ओटी ओलांडून माझ्यासमोर आली. नमस्कार करायचीही तिला नीट सवय नव्हती, आधी हात जोडले, मग आजीने खूण केली तशी वाकली.

मी पाय मागे घेतले. घेतले म्हणजे उडीच मारली जवळजवळ, मागची खुर्ची पडली.

“नाना, मी जाळला,” मी म्हटलं. “ही मला सांगत होती. एकशेवीस आहे म्हणून बोट ठेवून दाखवत होती. मी ऐकलं नाही. तिने हात लावून काही झालेलंच नव्हतं, त्या पिना तुमच्या बोर्डात जात नाहीत.”

टीव्हीवर जहाज आपोआप इकडून तिकडे फिरत होतं. नानांनी पडलेली खुर्ची उचलून जागेवर ठेवली, तिच्यावर बसले आणि म्हणाले, “चार दिस आमी पोरीला बोलतोय. ते आता परत कसं घेयाचं, ते सांग रं.”

अरविंदने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, तिच्याशी इंग्रजीत हळूच काहीतरी बोलला आणि ते रिकामं खोकं उचलून माळ्यावर टाकायला घेऊन गेला. सोमवार टळला होता. मी पिशवी उचलली, तेव्हा नानांनी मान वर न करता सांगितलं की जेवल्याशिवाय जायचं नाही. आवाजात राग होता आणि आग्रहही होता. मोठ्या मनाचा माणूस रागावला तरी ताट वाढतोच, हे मी त्या घरात पाहिलं आणि त्या ताटाचा मी अजून ऋणी आहे.

दुकानात पुढे मी एक सवय लावून घेतली. कोणतीही वस्तू बोर्डाला लावण्याआधी तिच्यावर लिहिलेलं सगळं गिऱ्हाइकासमोर मोठ्याने वाचायचं. लोक हसायचे, शांताराम मेकॅनिक मंत्र म्हणतो म्हणायचे. पुढे रंगीत टीव्ही आले, व्हिडिओ आले, कुठकुठल्या देशांची यंत्रं आली, माझ्या हातून एकही पुन्हा जळलं नाही. याचं श्रेय माझ्या शिक्षणाला नाही, त्या एका बोटाला आहे.

पण पुन्हा त्या रविवारकडे वळतो. स्वयंपाक व्हायचा होता, नाना आत गेले होते, आणि ओटीवर मी आणि मीनल दोघेच उरलो. ती टीव्हीसमोर बसून खेळत होती. आवाज नव्हता म्हणून तिने स्वतःच तोंडाने काढायला सुरुवात केली होती. गोळी सुटली की फुस्स, जहाज फुटलं की ढुश्श. काय सफाईने हात चालत होता तिचा! मी खाली तिच्या शेजारी बसलो. त्या दिवशी तू बोलली का नाहीस, मी तेव्हा तिथेच होतो, एका शब्दात सुटली असतीस, असं मी तिला विचारलं.

पडद्यावरून नजर न काढता ती म्हणाली, “मी इथे रोज चुकते. शाळेत पण, घरी पण. सगळ्यांना सवय आहे.” मग एक जहाज पाडलं, त्याचा आवाज काढला आणि म्हणाली, “तुमची पहिलीच होती ना.”

माझे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी हसूही फुटलं. दहा वर्षांची पोर, जिला स्वतःला धड सावरता येत नव्हतं, तिने मला पाठीशी घातलं होतं. तेही का, तर चाळिशी उलटलेल्या या माणसाला चुकायची सवय नसेल, त्याला फार लागेल, म्हणून.

पहिली? मी म्हटलं, ऐक. आणि पहिल्यापासून सुरुवात केली. उघडलेला पहिला रेडिओ बंद करताना माझ्याकडे तीन स्क्रू उरले होते ते सांगितलं. बॅटरीच्या वायरी उलट्या जोडून मालकाच्या देखत डायनामो कसा जाळला ते सांगितलं. एका ट्रकच्या हॉर्नची वायर अशी जोडली की तो चौकपासून खोपोलीपर्यंत अखंड बोंबलत गेला आणि ड्रायव्हर तिथून उलटा मला मारायला आला, तेव्हा मी कुठे लपलो होतो तेही सांगितलं. मीनलने हँडल खाली ठेवलं. टीव्हीवर तिचं जहाज फुटलं, तिने आवाजही काढला नाही. ती माझ्याकडे वळून बसली होती आणि प्रत्येक चूक संपली की म्हणत होती, मग पुढची. पुढची सांगितली, त्याच्या पुढची सांगितली. आजीने पानं मांडून दुसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा मी अजून उमेदवारीच्या पहिल्या वर्षातच होतो.